उत्तमकाकांची पंचवीस फुटांची वायर

आमच्या गल्लीतल्या उत्तमकाकांना मोटारसायकल सोडून कशावर बसलेलं मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. "बसा ना काका" म्हटलं, की "बसतो की" म्हणायचं आणि उभंच राहायचं. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, फोन तर चालत चालत, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लग्नाच्या पंगतीतही ते मागे उभे राहून, ताट हातात धरून जेवतात. नवखी माणसं त्यांना यजमानांपैकी समजून वरण मागतात. काका आपलं ताट कुणाच्या तरी हातात देतात, वरण आणून वाढतात आणि वर विचारतात, "मीठ बराबर हाय का? तपासून घे, मंग बोल."

"तपासून घे, मंग बोल" हे त्यांचं पालुपद. उभ्या आयुष्यात त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिला आहेत. तिथं भरलेला ट्रक ज्याच्यावर उभा करून तोलतात तो काटा बिघडला, की काकांना बोलावणं यायचं. निवृत्त झाले तरी अजून येतं. त्यामुळे त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक मीटर असतो आणि खिशाबाहेर त्याच्या दोन वायरी लोंबत असतात, एक लाल, एक काळी. दोन टोकांना दोन वायरी टेकवायच्या. मधली तार सलग असेल तर मीटर "पीं" असं ओरडतो. पीं वाजलं म्हणजे बराबर. न वाजलं म्हणजे कुठंतरी तुटलेलं आहे. जगाबद्दल काकांना एवढंच कळतं आणि तेवढं पुरतं, असं त्यांचं म्हणणं.

एकदा काकूंनी सोनाराकडून नवी साखळी आणली. काकांनी दुकानातच तिच्या एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला काळी वायर लावली. पीं वाजलं तेव्हाच साखळी डबीत गेली. काकू त्यानंतर सोनाराकडे एकट्या जातात. गावी, हसनाबादला जायला निघाले की काका कोपऱ्यावरून तीनदा परत येतात. एकदा कुलूप बघायला, एकदा गॅस बघायला आणि एकदा पहिल्या दोन वेळी नीट बघितलं होतं का ते बघायला.

माझा स्वभाव याच्या उलटा. मी बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. ओल्या कागदात शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, आणि दिवस भरले की उलगडून किती उगवले ते मोजायचं. माझी नोकरीच मुळी वाट बघायची. काका माझ्या दारात उभे राहून पायाची टाच आपटायला लागले, की माझ्या डोक्यातले दाणे इकडंतिकडं होतात. पण शेजार आहे. शेजार कुणाला निवडून घेता येतो?

त्यांची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. गल्लीत कुणाकडे लग्न निघालं, की पत्रिकेचं प्रूफ आधी काकांकडे जातं. कुणी नेऊन देत नाही, तेच मागून घेतात. माझ्या बहिणीच्या लग्नात मी प्रूफ घेऊन प्रेसमधून येत होतो, तर हे कोपऱ्यावर उभे. हातातून कागद ओढला आणि तिथंच, रस्त्यात, प्रत्येक नावावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. मुहूर्त, चिरंजीव, सौभाग्यकांक्षिणी, आपले नम्र, सगळं तीनदा. मग मला म्हणाले, "बाहेरचं एखादं नाव राहिलं तर चालंल. घरातले मोज. एकेक माणूस डोळ्यांपुढं आण अन् मोज." मी मोजले. सगळे होते. तरी त्यांनी संध्याकाळी परत येऊन विचारलंच.

याचं कारण गल्लीला ठाऊक होतं. निदान ठाऊक आहे असं आम्हाला वाटत होतं.

काकांच्या घराच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडला की दिगंबररावांचं घर. दिगंबरराव म्हणजे काकांचे धाकटे सख्खे भाऊ. दोघांनी समोरासमोर प्लॉट घेतले, एकाच मिस्त्रीकडून घरं बांधून घेतली. दारासमोर दार. दिगंबरराव एस.टी.त कंडक्टर होते. "तीस वर्षं उभं राहून तिकिटं फाडली, आता मी काही उठत न्हाई," असं म्हणून निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. एका दारात न बसणारा भाऊ, समोरच्या दारात न उठणारा. आणि नऊ वर्षं दोघांत एक शब्द नाही.

काकांच्या मुलीचं, सोनालीचं लग्न होतं. पत्रिका छापून आली. आपले नम्रमध्ये मामा होते, मावसा होते, काकांच्या मिलचे सुपरवायझर होते, हसनाबादच्या चुलत्याचे जावईसुद्धा होते. मुलीच्या सख्ख्या चुलत्याचं नाव तेवढं नव्हतं. दिगंबररावांनी पत्रिका ओट्यावर बसून वाचली. मग उठून रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. मी तेव्हा खिडकीत दाढी करत होतो, सगळं ऐकलं. ते म्हणाले, "आईची शपथ, ह्या घराच्या उंबऱ्याला मी पाय लावणार न्हाई. अन् ह्यांनीबी माह्या ओट्यावर चढू नये."

काका म्हणाले, "प्रेसवाल्यानं घोळ घातला, मी काय करू?"

दिगंबररावांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि ते परत जाऊन बसले. लग्नाला आले नाहीत. तेव्हापासून काकांच्या तोंडी "समोरचा" आणि त्यांच्या तोंडी "समोरचे" एवढंच नातं उरलं. आईची शपथ दोघांनीही पाळली. आई तर केव्हाच गेलेली, पण शपथ जिवंत राहिली.

त्या बुधवारी कळलं, की दिगंबररावांनी घर विकलं. मुलगा नाशिकला, बायको नातवाला सांभाळायला आधीच तिकडे गेलेली. रविवारी सकाळी सामानाचा टेम्पो येणार होता.

गुरुवारी सकाळी मी बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीला निघालो होतो, तर दारात काका. हातात खताची जुनी पिशवी. "संजू, जल्दी चल." आणि मी हो म्हणायच्या आत त्यांनी पिशवी माझ्या जेवणाच्या टेबलावर पालथी केली.

आतून निघाला टीव्हीला लावायचा जुना व्हिडिओ गेम. एके काळी पांढरा असावा, आता दातांसारखा पिवळा. सोबत एक कॅसेट, तिच्यावरचं चित्र घासून गेलेलं. आणि दोन रिमोट. हातात धरून बटनं दाबायच्या त्या चपट्या डबीला त्या काळी सगळे रिमोटच म्हणत. दोन्हींना वायर जेमतेम चार फुटांची.

"दिगू रविवारी चाल्ला," काका म्हणाले.

नऊ वर्षांत ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी टॉवेल खाली ठेवला.

"मग जाऊन बोला ना, काका."

"कसा जाऊ? ओट्यावर चढू नका म्हणला त्यो. अन् त्यो इकडं यायचा न्हाई, आईची शपथ हाय." टेबलाभोवती त्यांच्या दोन चकरा झाल्या. "पण मी रातंदिस विचार करून राह्यलो. शपथ पायाची हाय. हाताची कुठं हाय? टीव्ही माह्या दारात ठिवतो. एक नंबरचा रिमोट माह्यापाशी. दोन नंबरचा त्याच्या ओट्यावर. वायर लांब करायची, बस. एक डाव."

"कसला डाव?"

"रणगाड्याचा."

मागची हकीकत काकूंनी पुरवली. दोघं भाऊ जालन्यात नवे असताना मिलजवळच्या एका भाड्याच्या घरात एकत्र राहत. तेव्हा मुलांसाठी म्हणून हा गेम आणला. "लेकरं रडत बसायची, अन् हे दोघं किल्ला राखायचे," काकू म्हणाल्या. पडद्याच्या खाली विटांनी वेढलेला किल्ला. वरून शत्रूचे रणगाडे येणार. आपले दोन रणगाडे, एक काकांचा, एक दिगंबररावांचा. काका वर धावत सुटायचे, दिगंबरराव किल्ल्यापाशी बसून राहायचे. किल्ल्याला एक गोळा लागला की खेळ खलास, मग तो गोळा शत्रूचा असो की आपला. "अन् दर वेळी ह्यांच्याच गोळ्यानं उडायचा," काकू म्हणाल्या. काकांनी तिकडे लक्ष नाही असं दाखवलं.

"पण एवढ्या लांबून त्यांना टीव्ही दिसेल का?" मी विचारलं.

"का दिसणार न्हाई? दिवाळीच्या आधी मोतीबिंदूचं आपरेशन झालं त्याचं. डावा डोळा. डॉक्टरला इचारून आलो मी, लांबचं बिलकुल साफ दिसतं म्हणला."

ज्याच्याशी नऊ वर्षं बोलणं नाही त्याच्या डाव्या डोळ्याची खबर डॉक्टरकडे जाऊन काढणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. अंतर त्यांनी आधीच मोजलं होतं. काकांच्या दारापासून दिगंबररावांच्या खुर्चीपर्यंत तेवीस फूट. "अन् दोन फूट झोळाला. पंचवीस."

काकांना वाटलं, काम दहा मिनिटांचं आहे. त्या रिमोटच्या प्लगला नऊ भोकं, आणि काट्याच्या वजन दाखवणाऱ्या डब्याला जी केबल लागते तिलाही नऊच पिना. माळ्यावर तसल्या केबली ढिगानं पडलेल्या. त्यांनी दोन जोडून पंचवीस फूट केले, एका टोकाला गेम, दुसऱ्या टोकाला रिमोट. प्लग अगदी मापाचा बसला. काका खूश. मी अंगणाच्या कडेला उभा राहून बटनं दाबली. रणगाडा जागचा हलेना.

"जोरात दाब."

"जोरातच दाबतोय काका."

"मंग हळू दाब."

तासाभराने काकांनी कपाळावर हात मारला. काट्याच्या केबलीत नऊ पिना असल्या तरी आतून तीनच तारा जातात, आणि त्यातल्या दोन मुद्दाम आडव्या जोडलेल्या असतात, म्हणजे या बाजूची दुसरी त्या बाजूला तिसरी. रिमोटला पाच तारा लागतात, आणि त्या सरळच लागतात. "अन् ह्या केबली मीच बनवल्या, संजू! पंचवीस वर्षं ह्याच हातानं आडव्या तारा जोडल्या, अन् तेच इसरलो. प्लग बसला म्हणून तपासलंच न्हाई." असं म्हणून ते मोटारसायकलवर बसून कुठंतरी निघून गेले. केबल विसरली एवढ्यावरून माणसाचा चेहरा असा उतरतो का, असं माझ्या मनात आलं, पण मला ऑफिसला जायचं होतं.

शुक्रवारी मी रजा टाकली. म्हणजे काकांनी टाकायला लावली. त्यांनी इंटरनेटची वायर आणली होती, आत आठ बारीक तारा असतात ती. पाच वापरायच्या, तीन सोडून द्यायच्या. कंपाउंडच्या भिंतीवर सोल्डरची मशीन ठेवून, उभ्यानं, चष्मा नाकाच्या टोकावर आणून त्यांनी गेमच्या टोकाला पाच डाग दिले. दुसरं टोक मी दिगंबररावांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं होतं. रिमोटच्या टोकाची जोडणी करायच्या आधी एकेक तार तपासायची, आणि मीटरच्या वायरी तर दोन-दोन फुटांच्या. म्हणून मी त्या टोकाला दोन तारांना पीळ घालायचा आणि काकांनी या टोकाला पीं ऐकायचं.

"हिरवी अन् निळी जोड!" काका ओरडले.

मी जोडली. शांतता.

"वाजत न्हाई! हिरवी हाय का ती?"

"हिरवीच आहे!"

दिगंबरराव खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. हातात पेपर, पण पान एकच. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिरवी न्हाई ती. हिरवी-पांढरी हाय. कंपनीच्या माणसाला रंग दिसत न्हाई का?"

मी बदलली. रस्त्याच्या पलीकडून पीं आलं.

"समोरच्यांला सांग," दिगंबरराव म्हणाले, "एवढ्या बारीक तारेवर लोड घेऊ नका म्हणावं. तार डबल घ्या."

समोरचे दहा पावलांवर उभे होते आणि त्यांना सगळं ऐकू गेलेलं होतं. तरी त्यांनी माझ्याकडेच बघितलं. मी मधे येऊन निरोप सांगितला. काका म्हणाले, "त्याला म्हणावं, रिमोट हाय, पाण्याची मोटर न्हाई. पाच व्होल्ट." मी पलीकडे जाऊन हेही सांगितलं. दिगंबरराव म्हणाले, "मला काय, पुसलं म्हणून सांगितलं." त्यांना कुणी पुसलं नव्हतं. मला मात्र त्या दिवशी रस्ता ओलांडून ओलांडून पायात गोळे आले.

वायर रस्त्यावरून वर, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खांबावरून नेली. दुपारी पाण्याचा टँकर आला. त्याच्या पाठीवरचा पाइप वायरीत अडकला आणि टँकरवाल्याला कळायच्या आत तिचे दोन तुकडे झाले. काका टँकरमागे कोपऱ्यापर्यंत पळाले. टँकर थांबून तरी काय करणार होता? परत आले तेव्हा घामानं डबडबले होते. "झालं," ते म्हणाले. "ह्याच्यात काय राम न्हाई. देवाच्याच मनात न्हाई." आणि दार लावून घेतलं. काकांनी दार लावलं आणि परत येऊन तपासलं नाही, तेव्हा मला खरोखर काळजी वाटली.

शनिवारी सकाळी दूध आणायला निघालो तर दिगंबररावांच्या ओट्यावर एक गोष्ट दिसली. रस्त्यात लोळत पडलेला वायरीचा तुकडा कुणीतरी उचलून, धूळ पुसून, नीट वेटोळं करून खिळ्याला टांगून ठेवला होता. तुटक्या टोकाच्या पाच तारांची टोकं सोलून ठेवलेली. खुर्ची रिकामी होती. आत सामान बांधल्याचे आवाज येत होते.

मी काकांचं दार वाजवलं आणि फक्त बोट दाखवलं. काका बघतच राहिले. मग खिशातला मीटर चाचपला आणि म्हणाले, "जल्दी कर, संजू. बांबू आण."

सगळी सकाळ त्यात गेली. जोड दिला, टेप गुंडाळली, बांबू लावून वायर टँकरच्या वर नेली. दुपारी गेम चालू केला तर रणगाडा आपोआप गोळे मारायला लागला. काका हवालदिल. सगळे जोड पुन्हा तपासले, सगळीकडे पीं. शेवटी स्वयंपाकघरातून येणारा आवाज थांबला तसे गोळेही थांबले. काकू मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी करत होत्या. मिक्सर सुरू झाला की लांब वायरीत गडबड व्हायची. "अंधार पडस्तोवर मिक्सर लावायचा न्हाई," काकांनी हुकूम सोडला. काकू म्हणाल्या, "नऊ वर्षं तुमच्या दोघांपायी गप हावो, चटणीचं काय घेऊन बसले." आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर काकांनी जुना टीव्ही स्टुलावर ठेवून दारात आणला, तोंड रस्त्याकडे. मी दोन नंबरचा रिमोट दिगंबररावांच्या खुर्चीशेजारी पेपरवर ठेवून आलो. बोलावणं असं कुणी केलं नाही. काका उंबऱ्याबाहेर टीव्हीच्या बाजूला उभे, हातात एक नंबरचा रिमोट, टाच आपटत. दिगंबररावांचं दार बंद. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दाणा उगवतोय की नाही हे बघायला कागद मधेच उलगडू नये, असं मी नव्या पोरांना नेहमी शिकवतो. मला स्वतःला मात्र राहवेना. मी त्या दाराकडे दोनदा निघालो आणि दोनदा परत आलो.

मग दार उघडलं. दिगंबरराव बाहेर आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला, रिमोट उचलला. "टँक मुंगीएवढे दिसून राह्यले," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "त्यांला म्हणावं, सुरू करा."

खेळ सुरू झाला. पहिल्या मिनिटात मला कळलं, की ही माणसं काही विसरलेली नाहीत. काकांचा रणगाडा धावत वर गेला. दिगंबररावांचा किल्ल्याशेजारी येऊन उभा राहिला आणि डावीकडून येईल त्याला टिपायला लागला. कुणी बोलत नव्हतं. फक्त "वर, वर", "डाव्या हाताला", "हाणला" असे शब्द, तेही हवेत सोडल्यासारखे. पहिला टप्पा झाला, दुसरा झाला. गल्लीतली चार माणसं थांबून बघायला लागली. काका उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या नाचत होते.

तिसऱ्या टप्प्यात शत्रूचा एक रणगाडा किल्ल्यामागून आला. काका वरून सुसाट खाली आले. घाई, नुसती घाई. दिगंबररावांनी "थांब थांब" म्हणेपर्यंत काकांनी दोन गोळे सोडले. पहिल्यानं विटा फुटल्या. दुसऱ्यानं किल्ला उडाला.

खेळ खलास झाल्याची ती रडकी धून वाजली आणि संपली.

"तूच उडवला, दादा," दिगंबरराव म्हणाले. माझ्याकडे बघून नाही. सरळ समोर.

काकांची टाच थांबली. रिमोट हातात तसाच.

"हाव," ते म्हणाले. "मीच." मग मान वर केली. "पत्रिकेचंबी मीच, दिगू. प्रेसवाल्याचं काही न्हाई त्यात. प्रूफ मीच तपासलं व्हतं. मामा तपासले, जावई तपासले, सुपरवायझरच्या नावाचा काना-मात्रा तपासला. तुला तपासलंच न्हाई. तू तर हायच, असं धरून चाल्लो. घरातलाच माणूस, त्याला काय बघायचं."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"माहीत हाय मला," दिगंबरराव म्हणाले.

"माहीत हाय?"

"प्रेसवाला माह्या वर्गातला. त्याच हप्त्यात त्यानं प्रूफ आणून दाखवलं मला. खाली तुही सही. बराबर हाय, असं लिव्हलेलं." त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. "नाव राहिलं ह्याचा राग एका दिसाचा व्हता, दादा. राहतं एखाद्याचं. पण तू त्या गरिबावर ढकललं. मला वाटलं, आज म्हणंल, उद्या म्हणंल. रोज इथं खुर्ची टाकून बसत व्हतो मी. कामून बसत व्हतो?"

सगळ्या गल्लीच्या पत्रिकांवर बोट ठेवून घरातले मोजायला लावणारा माणूस मला आता कुठं कळत होता. त्या एका राहिलेल्या नावापायी तो नऊ वर्षं कुलपं, गॅस, साखळ्या आणि आमची लग्नं तपासत फिरत होता. मी त्याची किती टिंगल केली होती. मला लाज वाटली.

"आता काय तिथंच उभा राह्यतो?" दिगंबरराव म्हणाले. "ये इकडं."

काकांनी हातातल्या रिमोटकडे बघितलं. सगळी धडपड दोन नंबरच्या रिमोटसाठी झाली होती. "माह्या रिमोटाची वायर चारच फुटांची हाय," ते म्हणाले.

"ठिव तो तिथं. तू ये."

काकांनी रिमोट टीव्हीपाशी ठेवला. खिशातला मीटर काढून, वायरी गुंडाळून, तोही शेजारी ठेवला. रस्ता ओलांडला. ओट्याच्या पायरीशी चपला काढल्या आणि सवयीप्रमाणे खुर्चीशेजारी जाऊन उभे राहिले.

"बस," दिगंबरराव म्हणाले.

"बसतो की," काका म्हणाले.

दिगंबररावांनी मला खूण केली. मी एक नंबरच्या रिमोटवर फक्त सुरूचं बटन दाबलं आणि तो परत खाली ठेवला. पडद्यावर दोन रणगाडे आले. काकांचा आपल्या जागी नुसता उभा राहिला. दिगंबररावांचा रणगाडा किल्ला सोडून पुढे सरकला आणि काकांच्या रणगाड्याला आडोसा देत समोर थांबला.

काकू माझ्या जवळ आल्या. अंधारून आलं होतं आणि पलीकडचं त्यांना नीट दिसत नसावं. "संजू," त्यांनी हळूच विचारलं, "हे बसले का रे?"

मी पाहिलं. भावाच्या खुर्चीच्या पायाशी, ओट्याच्या फरशीवर, मांडी घालून.

"बसले, काकू," मी म्हणालो.